रंग बदलणारं, फसफसणारं ‘जादूचं’ लिंबू सरबत घरी कसं करावं?

कडकभाकरी
नमस्कार मंडळी,
मे महिन्यात लेकीचा वाढदिवस आहे, नऊ पूर्ण. यंदा विषय तिनेच ठरवलाय: ‘जादूचं जंगल’. त्यासाठी स्वतः गोष्टही रचली आहे. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात एक चेटकीण राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजते. सरबत निळं असतं, फसफसत असतं, आणि खोटं बोलणाऱ्याच्या हातात गेलं की जांभळं होतं. हे सरबत आईने करायचं आहे, वीस पोरांसाठी. कागदावर यादी मिळाली आहे: निळं पाहिजे, बुडबुडे पाहिजेत, आंबट पाहिजे, धूर पाहिजे.

जुळे सोलापुरात राहतो, कुंपणावर गोकर्ण भरपूर आहे, तेव्हा निळ्याची सोय झाली. लिंबू पिळलं की त्याचा रंग बदलतो हे व्हिडिओत पाहिलंय. पण सोडा घातल्यावरच रंग पालटला तर पुढे मजा काय राहिली? बुडबुडे घरी आणता येतात का, की सरळ दुकानातून सोडा आणावा? आणि ४२-४३ च्या उन्हात बर्फ वितळून सगळं पाणचट होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

बाजारची रंगीत पेयं सुचवू नका. ती द्यायची असती तर धागा काढला नसता.

विजापूरवेस
काय ओ ताई, सरबत करलालाव का प्रयोगशाळा उघडलालाव? रुमाल टाकून ठेवतो.
वीसच्या वीस पोरं खोटारडी निघाली तर सगळेच ग्लास जांभळे होतील की ओ.

परीक्षानळी
कडकभाकरी, तुमची पहिली शंका रास्त आहे, पण घाबरू नका. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लिटमस संपला की आम्ही गोकर्णच वापरायचो.

गोकर्णाच्या पाकळ्यांतला निळा रंग अँथोसायनिन गटातला आहे. जांभूळ, काळी द्राक्षं, डाळिंब यांचे रंगही त्याच खानदानातले. आम्लता वाढली की तो निळ्यावरून जांभळा आणि मग गुलाबी होतो. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ ते २.५ असतो. सोड्याच्या पाण्यातलं कार्बनिक आम्ल त्यामानाने अगदी मवाळ, सामू ४ च्या आसपास. म्हणून नुसत्या सोड्याने निळा निळाच राहतो, फार तर किंचित जांभळी झाक येईल. खरी कलाटणी लिंबूच देणार. तेव्हा क्रम असा: निळं पाणी, मग सोडा, आणि लिंबू सगळ्यात शेवटी, मुलांच्या डोळ्यांदेखत.

उलट बाजूची गंमतही दाखवता येईल. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर निळा हिरवट होतो. फक्त तो ग्लास पिऊ नका, चव बेकार लागते.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याबद्दल एक इशारा. ते जड असतं, उकळलं की अल्कलीकडे झुकतं. त्यात फुलं घातली तर निळा मळकट-हिरवट दिसतो आणि लिंबूही जास्त लागतं. फिल्टरचं पाणी घ्या.

आजी_ऑनलाइन
गोकर्ण आम्ही महादेवाला वाहतो. पितात हे आता कळलं. पोटाला बाधत नाही ना? वीस लोकांची लेकरं आहेत, उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर बोल तुमच्यावर येईल.

निळाई
आजी, थायलंडमध्ये याचं सरबत पिढ्यान्‌पिढ्या पितात, निळा भातही करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली आहे. गरोदर बायकांनी मात्र टाळलेलं बरं, असं सांगतात. आलेल्या आयांमध्ये कुणी असेल तर त्यांना साधं लिंबू सरबत द्या.

कडकभाकरी, फुलं सकाळी तोडा आणि मागचा हिरवा भाग काढून टाका. तो राहिला तर पाण्याला गवताचा वास येतो. तसंही गोकर्णाला स्वतःची चव नाहीच, थोडा मटाराच्या शेंगेसारखा वास, बस. चवीची सगळी जबाबदारी लिंबावर आणि पाकावर. रस्त्याकडेच्या वेलीची फुलं नकोत. तुमची घरची आहेत म्हणून बरं, फवारणी तर करत नाही ना?

कडकभाकरी
फवारणी नाही. शेळ्यांची भीती आहे फक्त.

चाटीगल्ली
घरी बुडबुडे आणायचा सोपा उपाय: खायचा सोडा आणि लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्लाची पूड. दोन्ही किराण्यात मिळतं. निळ्या सरबतात टाकलं की फस्सकन वर येतं. आम्ही लहानपणी हेच करायचो.

परीक्षानळी
चाटीगल्ली, फस्सकन वर येतं आणि तसंच फस्सकन खाली बसतं. त्या दोघांतून जो वायू निघतो तो पाण्यात विरघळायच्या आत हवेत जातो. शिवाय मागे सोडियम सायट्रेट राहतं, त्याची ती खारट, पित्ताच्या औषधासारखी चव. वजनाने साधारण चार भाग खायचा सोडा आणि तीन भाग लिंबाचं फूल घेतलं तर दोघं एकमेकांना पुरे पडतात. पण पुरे पडले म्हणजे आंबटपणाही संपला! मग रंग कशाने बदलणार? या कामाला हा उपाय नको.

चाटीगल्ली
सर, आम्हाला त्या औषधाच्याच चवीची सवय आहे. शिक कबाब खाल्ल्यावर तेच तर पितो.
पण मुद्दा मान्य.

आंबवण
कुणी आल्याच्या विरजणाचं नाव कसं काढलं नाही? आलं किसून साखर-पाण्यात ठेवायचं, रोज थोडं आलं आणि साखर घालत जायची. आल्याच्या सालीवरचे यीस्ट जागे होतात. चार-पाच दिवसांत फेस धरतो. तो गाळून लिंबू-साखरेच्या सरबतात घातला आणि बाटली घट्ट बंद केली की वायू आतल्या आत मुरतो. त्याचे बुडबुडे बारीक असतात, तोंडात टोचत नाहीत. दुकानातल्या सोड्याला ती सर नाही.

परीक्षानळी
चवीबद्दल वाद नाही. पण मे महिना, सोलापूर आणि काचेची बाटली ही तिघं एकत्र येऊ देऊ नका. उन्हाळ्यात यीस्ट इतकं झपाट्याने काम करतं की बाटली फुटू शकते.

आंबवण
काच मीही वापरत नाही. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, रोज दाबून बघायचं. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. आपल्या हवेत दीड-दोन दिवस पुरतात. साध्या पाण्याची पातळ बाटली मात्र नको, ती दाब सोसत नाही.

आजी_ऑनलाइन
यीस्ट म्हणजे त्यात दारू होणार की. लेकराच्या वाढदिवसाला?

आंबवण
आजी, किंचित होते, खोटं कशाला बोलू. आंबील थोडी जास्त आंबली तर तिथेही होतेच. पण लोकांच्या मुलांना द्यायचंय म्हटल्यावर तुमचं बरोबर आहे. हे मोठ्यांसाठी ठेवू.

विजापूरवेस
मोठ्यांची वेगळी यादी काढा. मी येलालोय.

दाजीपेठ
जरा अवांतर. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या तेलुगू घरांत रामनवमीला पानकम करतात: गूळ, पाणी, लिंबू, सुंठ, मिरी, वेलची. माझी आजी त्यात शेवटी गोटी सोडा ओतायची, देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर. सुंठ-मिरी घशात आणि सोडा नाकात. आम्हाला तेव्हा ते चेटकिणीचंच सरबत वाटायचं.

मुद्द्याचं म्हणजे गोटी सोडाच आणा ना! ती बाटली उघडणं हीच निम्मी जादू आहे. मुलांनी आजकाल पाहिलेलीही नसते. अंगठा दाबला की ‘चुंक’ करून गोटी खाली पडते आणि फेस वर येतो.

होटगीरोड
+१ गोटी सोडा. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने काढली, १८७२ चं पेटंट आहे. आत वायूचा दाब असतो, तोच गोटीला वरच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. वेगळं झाकणच नाही. बाटलीच्या गळ्याला दोन खळगे असतात, ओतताना गोटी तिथे अडकवायची, नाहीतर ती परत तोंडाशी येऊन बसते. मुलांना हे शिकवण्यात अर्धा तास आरामात जाईल.
फक्त ज्याच्याकडून घ्याल तो पाणी कुठलं वापरतो हे विचारा. खात्री नसेल तर सीलबंद सोडा घ्या आणि गोटीची एक बाटली शोभेला ठेवा.

पुणेकर_नाइलाजाने
घरी सोडा करायचं यंत्र मिळतं, त्यात सिलिंडर असतो. पुण्यात

विजापूरवेस
पुण्यात सगळंच मिळतं. पुढं?

पुणेकर_नाइलाजाने
अहो, वाक्य तरी पूर्ण करू द्या. चुकून एंटर दाबला गेला. एका वाढदिवसासाठी यंत्र घेऊ नका, हेच म्हणत होतो. माझं यंत्र माळ्यावर पडलंय.

परीक्षानळी
सोडा कुठूनही आणा, थंडीकडे लक्ष द्या. साध्या दाबाला एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २५ अंशाला जेमतेम दीड ग्रॅम. आपल्या मेमधल्या खोलीत त्याहूनही कमी. कोमट सोडा ओतला तर वायू ग्लासात नाही, घरात जाईल. सोडा, निळं पाणी, पाक, ग्लास, सगळं फ्रिजमधून थेट यायला हवं.

दुसरं, सोड्यात कोरडी साखर कधीही टाकू नका. प्रत्येक कणाच्या खडबडीत अंगावर बुडबुडा धरतो आणि सगळा वायू एकदम उसळून टेबलावर येतो. साखर पाकातूनच.

हाच खडबडीतपणा गमतीसाठी वापरता येईल. ग्लासात चार-पाच बेदाणे टाका, पंढरपूरकडचे सुरकुतलेले छान. सुरकुत्यांत बुडबुडे अडकतात, बेदाणा वर येतो, वर बुडबुडे फुटतात, तो पुन्हा खाली जातो. सोड्यात दम आहे तोवर बेदाणे नाचत राहतात.

कडकभाकरी
बेदाण्यांचं लेकीला वाचून दाखवलं. ते आता ‘शापित बेडूक’ आहेत. सब्जाही घालायचा ठरलाय, ती बेडकांची अंडी.

निळाई
😂 अंडी भिजवून घाला, सुकी नको.

मोसंबीवाला
सगळे लिंबामागेच लागलेत. लिंबाचे भाव बघितले का उन्हाळ्यात? मोसंबी घ्या. तीही लिंबाच्याच जातकुळीतली, गोड आहे, साखर कमी लागेल.

परीक्षानळी
मोसंबीत आम्ल फारच कमी. निळा रंग धड जांभळाही होणार नाही, राखाडीच्या आसपास घुटमळेल. शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. रस आम्लाच्या संपर्कात राहिला की त्यात हळूहळू लिमोनिन तयार होतं, त्याचा हा कडूपणा. पार्टीच्या आधी तासभर काढून ठेवाल आणि फसाल.

मोसंबीवाला
बरं सर. संत्रं?

परीक्षानळी
नारिंगीत निळा मिसळून काय होतं?

मोसंबीवाला
चिखल. कळलं.

ताम्हणकाठ
रंग लिंबाला सोडा, पण वासासाठी दुसरं फळ घेता येईल. माझ्या माहेरी कोकणात ईडलिंबू आणि महाळुंग दोन्ही होतं. महाळुंगात रस नावालाच, पण साल! पिवळी, जाड, खडबडीत. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच. तुमच्या चेटकिणीला याहून भारी फळ शोधून सापडायचं नाही.

कृती अशी: साल बारीक किसणीवर किसायची, फक्त वरचा पिवळा भाग, पांढरा आला की कडू. ती साखरेत बोटांनी चोळायची. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, पिवळट पडते, बोटांना तेल लागतं आणि सगळ्या घरात वास सुटतो. झाकून तासभर ठेवायची, मग त्याच साखरेचा पाक. उकळायचं नाही, कोमट पाण्यात विरघळवून गाळायचं. उकळलं की तो वास गेला. महाळुंग नाही मिळालं तर कागदी लिंबाच्या सालीवर हेच करा. रस काढायच्या आधी साल किसायची, नंतर किसणं म्हणजे बोटं सोलून घेणं.

कडकभाकरी
हे नक्की करणार. महाळुंग इथे कुठे मिळेल माहीत नाही, लक्ष्मी मार्केटला विचारून बघते.

आता धूर. तिचा बाबा ‘ड्राय आइस मागवू’ म्हणतोय.

परीक्षानळी
नको. नको. आणि पुन्हा एकदा नको.
ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. कपची ग्लासात राहिली आणि मुलाने गिळली तर तोंड, घसा, पोट भाजून निघेल. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात गिऱ्हाइकांना मुखवास समजून ड्राय आइस दिला गेला, माणसं रक्ताच्या उलट्या करत दवाखान्यात गेली. ती तर मोठी माणसं होती. नऊ वर्षांची पोरं ग्लासात हात घालणार नाहीत याची हमी कोण देणार? बंद बाटलीत टाकला तर स्फोट होतो, तेही बाबांना सांगा.

विजापूरवेस
धूरच पाहिजे तर टेबलाच्या कडेला ऊद लावा. चेटकीण पण खूश, डास पण गायब.

कडकभाकरी
बाबाला वाचून दाखवलं. ड्राय आइस रद्द. ऊद मंजूर.

होटगीरोड
चमकी घालणार असाल तर डबी वाचून घ्या. केकच्या दुकानात ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी मिळते. तिचा अर्थ ‘खाण्यायोग्य’ असा होत नाही, ती नुसती सजावटीची असते. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ठेवून द्या.

निळाई
बर्फाचा प्रश्न राहिलाच की. कडकभाकरी, निळं पाणीच बर्फाच्या साच्यात लावा. लिंबू-सोड्याच्या पांढऱ्या ग्लासात निळे खडे टाकले की ते वितळताना खालून जांभळे धागे सुटतात. ओतून रंग बदलणं एका क्षणात संपतं, हे दहा मिनिटं चालतं. आणि बर्फ वितळला तरी सरबतच वितळतंय, पाणचट व्हायचा प्रश्न नाही.

होटगीरोड
कल्पना सुंदर आहे, पण एक सांगू? २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याचा बर्फ निळा करायचा नियम आहे. मासे आणि नाशवंत माल ठेवायचा कारखान्यातला बर्फ लोकांच्या पोटात जाऊ नये म्हणून अन्न व औषध प्रशासनाने तो आदेश काढला. म्हणजे तुमच्या घरी आलेल्या एखाद्या जागरूक पालकाने निळा बर्फ पाहिला की...

विजापूरवेस
थेट पोलीस चौकी. वाढदिवस पंचनाम्यासह.

निळाई
हाहाहा! दारात पाटी लावा: ‘येथील निळा बर्फ गोकर्णाचा आहे.’

आजी_ऑनलाइन
या सरबताला नाव काय ठेवलं?

दाजीपेठ
हलाहल. निळं आहे, मंथनातून आल्यासारखं फसफसतंय, महादेवाला वाहतात तेच फूल आहे.

आजी_ऑनलाइन
अरे बाबा, वाढदिवसाला विषाचं नाव? नीलकंठ ठेवा. तेही निळंच, आणि प्यायला तरी बरं वाटेल.

कडकभाकरी
‘नीलकंठ’ बहुमताने पास, लेकीसकट. तिची एकच अट आहे, चेटकिणीला हे नाव माहीत नसतं.

कुणीतरी वीस ग्लासांचं माप सांगा. आणि ओतायचं कसं? मी एकटी वीस ग्लासांत लिंबू पिळत बसले तर पहिल्याचं पिऊन होईल तरी विसाव्याला मिळायचं नाही.

ताम्हणकाठ
२०० मिलीचे ग्लास धरते.

निळं पाणी: एक लिटर गरम पाणी, साठेक ताजी फुलं (सुकी असतील तर मोठी मूठभर), दहा मिनिटं झाकून, गाळून गार. निळा बर्फ हवा तर त्यासाठी असंच अर्धा लिटर वेगळं करा.
पाक: ४०० ग्रॅम साखर सालीत चोळलेली, २०० मिली कोमट पाणी, किंचित मीठ.
लिंबाचा रस: २०० मिली, म्हणजे रसाळ लिंबं पंधराच्या आसपास.
सोडा: दोन लिटर, पण अर्धा लिटर जास्त आणा, पोरं सांडतात.

एका ग्लासात तळाशी साधारण २० मिली पाक, मग बर्फ, मग १०० मिली सोडा ग्लास तिरका धरून कडेने, आणि वरून ५० मिली निळं पाणी चमच्याच्या पाठीवरून सावकाश. पाक जड, तो खालीच बसतो, निळं वर तरंगतं. इथे ढवळायचं नाही.

लिंबाचा रस मात्र वेगळा ठेवा. घरात खोकल्याच्या औषधांची ती छोटी प्लॅस्टिकची मापं असतात ना, सगळ्यांच्याच घरात साठलेली, ती उकळत्या पाण्यातून काढा आणि प्रत्येकात १० मिली रस भरून प्रत्येक मुलाच्या हातात द्या. ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की वीस जणांनी एकदम ओतायचं आणि मग ढवळायचं. तुम्ही नुसतं उभं राहून बघा.

परीक्षानळी
उत्तम. फक्त मापं वीसच्या ऐवजी तीस भरून ठेवा. दोन-चार तरी ओतायच्या आधीच पिऊन टाकतील.

कडकभाकरी
ताम्हणकाठ, पूर्ण प्रतिसादाची वाचनखूण साठवली. मापं गोळा करायला शेजारी निघाले.

चाटीगल्ली
लिंबाच्या पिळलेल्या साली फेकू नका. मीठ, तिखट, थोडा गूळ आणि उन्हात बरणी. आपल्याकडच्या उन्हात आठवड्यात मऊ पडतात. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणीनंतर तेच.

विजापूरवेस
ज्या सालींचा पिवळा भाग ताईंनी आधीच साखरेत चोळलाय, त्यांचं लोणचं कडू होणार की ओ.

ताम्हणकाठ
होईल थोडं. गूळ वाढवा.

उशिरा_आलेला
पूर्ण धागा वाचला नाही, माफ करा. रसना चालेल का?

परीक्षानळी
कोणत्या रंगाचं, त्यावर आहे. संत्र्याचं असेल तर वर मोसंबीवाल्यांना दिलेलं उत्तर बघा.